प्लास्टिकच्या पत्र्याची होडी

गेल्या माघात आमच्या घरच्या मुलांनी होडीचा हट्ट धरिला. घर खाडीकाठचे असल्यामुळे हट्ट अगदीच अवाजवी होता असे म्हणता येत नव्हते. पाणी दारात, वारा फुकट, आणि सुट्टीत चुलत-मावस मिळून नऊ मुले एके ठिकाणी जमणार! परंतु होडी आणावयाची कोठून? लाकडाची बांधावी तर मनाजोगे लाकूड महाग, आणि ते जोडणारा कसबी सुतार त्याहूनही दुर्मिळ. काचतंतू आणि राळ यांची करावी तर त्या राळेचा उग्र वास आणि अंगावर रुतणारे तंतू मुलाबाळांच्या घरात नकोत, असे घरातील वडील माणसांचे मत पडले. असा विचार चालला असता आमच्या थोरल्या पुतण्याने एक गोष्ट पाहिली. गावच्या नळयोजनेचे काम चालू होते, आणि रस्त्याच्या कडेला बसून दोन कारागीर काळ्या प्लास्टिकच्या नळांची तोंडे तापल्या तव्यावर धरून एकमेकांस चिकटवीत होते. ना डिंक, ना खिळा, ना स्क्रू. निवाल्यावर नळ असा एकजीव झाला की, सांधा कोठला हे केवळ फुगीर कड्यावरून ओळखावे. पुतण्या घरी येऊन म्हणाला, “काका, नळ जोडतात तशी होडी जोडता येणार नाही का?”

जोडता येते, आम्ही ती जोडली. परंतु पावसाळ्यापूर्वी पाण्यात जावयाची ती होडी दिवाळीनंतर पाण्यात गेली. मधल्या काळात जे शिकावयास मिळाले ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

सांध्याचा इतिहास

होडीचा इतिहास हा बहुतांशी सांध्याचा इतिहास आहे. लाकूड स्वभावतःच तरते. दोन फळ्यांमधून पाणी आत येऊ न देणे हीच काय ती विद्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवीत असत. ही कला केवळ पुस्तकांत राहिली नाही. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील नौकेच्या चित्रावरून गोव्यात एक शिवलेले जहाज नव्याने बांधण्यात आले, आणि २०२५ साली कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या शिवणारे कारागीर केरळातील बाबू शंकरन यांच्या हाताखालचे होते.

हेच शिवणकाम निराळ्या रूपाने इंग्लंडात अवतरले. १९६२ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची लहान शिडाची होडी तयार केली. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाचावयाचे, मग सांध्यावर काचतंतूंची पट्टी राळेने बसवावयाची, अशी ती रीत. सामान्य कुटुंबाने आपल्या घरी बांधावी हाच तिचा हेतू होता, आणि आजवर अशा ७० हजार होड्या झाल्या. त्यापूर्वी १९४७ साली अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतातील क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही बोथट नाकाची, पेटीसारखी होडी रेखिली. प्लायवुडच्या दोन पत्र्यांतून ती निघावी, अशी अट तिच्या मुळाशी होती. आज जगभर मुले शीड सांभाळावयास शिकतात ती बहुधा याच होडीवर. आम्हीही आमच्या होडीचा घाट तिच्यावरूनच घेतला. सपाट पत्रा फारसा न वाकविता ज्यातून होडी होते, असा तो घाट आहे.

शिवणे, खिळणे, चिकटविणे या तिन्ही रीतींत दोन वस्तू दोनच राहतात. तिसरी वस्तू त्यांना धरून ठेविते. वितळवून जोडणे ही चौथी रीत. तीत दोन वस्तूंची एक वस्तू व्हावयाची असते. ती खरोखर एक झाली की नुसती एक दिसते आहे, हा प्रश्न मात्र तेथेच उपस्थित होतो.

पदार्थ कोणता

बाजारात ज्यास एच.डी.पी.ई. शीट म्हणतात तो पत्रा आम्ही घेतला. त्याचे पूर्ण नाव हाय-डेन्सिटी पॉलिएथिलीन. याचा मूळ पदार्थ १९३३ साली इंग्लंडात नॉर्थविच येथील एका रासायनिक कारखान्यात गिब्सन आणि फॉसेट या दोघांना अकल्पितपणे सापडला. प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग करीत असता पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ जमलेला त्यांना दिसला. पुढे १९५३ साली जर्मनीतील कार्ल त्सिग्लर यांनी साध्या दाबाखाली तो अधिक घट्ट रूपात बनविण्याची युक्ती शोधली. या क्षेत्रातील कार्याबद्दल १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांना विभागून मिळाले.

या पदार्थाचे गुण असे. तो कुजत नाही, त्यास वाळवी लागत नाही, खारे पाणी त्याचे काही करू शकत नाही, आणि खडकावर आपटला तर फुटण्याऐवजी दबून परत उठतो. सुमारे १३० अंश सेल्सिअसला तो वितळतो आणि निवाल्यावर पूर्ववत होतो. दोषही ऐकून ठेवावेत. त्यावर कोणताही साधा डिंक बसत नाही आणि रंगही टिकत नाही. सतत भार राहिल्यास तो हळूहळू वाकत जातो व वाकलेलाच राहतो. उन्हाने तो फार वाढतो. २.४ मीटर लांबीचा पत्रा ३० अंशांच्या फरकाने सुमारे एक सेंटिमीटर लांब होतो. सकाळी मापून दुपारी कापणाऱ्याची त्रेधा उडते ती यामुळेच. सूर्यप्रकाशाने पांढरा पत्रा काही वर्षांत ठिसूळ होतो. काजळी मिसळलेला काळा पत्रा पुष्कळ टिकतो. यास्तव पत्रा काळाच घ्यावा.

थोडे गणित

प्लायवुडच्या होडीचे नकाशे पाहून तितक्याच जाडीचा प्लास्टिकचा पत्रा वापरावा, असे कोणाच्याही मनात येईल. आमच्याही आले. परंतु प्लायवुडचा ताठपणा या पदार्थाच्या सात-आठ पट असतो. जाडी दुप्पट केली की पत्र्याचा ताठपणा आठपट होतो, हे यंत्रशास्त्रातील ठरलेले प्रमाण आहे. म्हणजे ६ मिलिमीटर प्लायवुडची बरोबरी करावयास १२ मिलिमीटर प्लास्टिक हवे. त्याचे वजन चौरस मीटरला साडेअकरा किलो भरेल, तर प्लायवुडचे तीन-साडेतीन किलोच. अशी होडी मुलांना किनाऱ्यावर ओढता यावयाची नाही.

यावर उपाय म्हणजे पत्रा ६ मिलिमीटरचाच घ्यावा आणि ताठपणा आकारातून आणावा. तळावर त्याच पत्र्याच्या पाच सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या उभ्या जोडाव्या, आणि दोन्ही बाजूंस बसण्याच्या बंद पेट्या कराव्या. त्या पेट्याच होडीच्या बरगड्या होतात. या हिशेबाने आमच्या २.४ मीटर लांब व १.१ मीटर रुंद होडीस सुमारे सात चौरस मीटर पत्रा लागला, आणि तिचे वजन डोलकाठीवाचून ४० किलोच्या आसपास भरले.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे, आणि ते प्रत्येक पालकाने करून पाहावे. “प्लास्टिक पाण्यावर तरंगते, मग भीती कसली?” असे पुष्कळजण म्हणतात. हे प्लास्टिक पाण्याहून हलके खरे, पण किती? पाण्याचे वजन १ धरिले तर याचे ०.९५. म्हणजे ४० किलोची होडी पाण्याने भरली तर गोड्या पाण्यात तिची उचल जेमतेम दोन किलो उरते, आणि खाऱ्या पाण्यात तीन. एक पितळी कळशीसुद्धा तीस बुडवावयास पुरे! तरंगणे वेगळे आणि तारणे वेगळे. तारते ती पेट्यांतील हवा. आमच्या दोन पेट्यांत मिळून सुमारे २०० लिटर हवा आहे, आणि मध्ये पडदे घालून तिचे चार कप्पे केले आहेत. एक कप्पा फुटला तरी १५० लिटरची उचल शिल्लक राहते. अर्थात हे सारे पेटीच्या सांध्यांवर अवलंबून. सांधा गेला की हवा गेली, आणि हवा गेली की मुलांच्या हाती त्या दोन किलोंच्या उचलीवाचून काही राहत नाही.

बांधणी

कापलेले तुकडे कडेने जवळ आणून, वीतभर अंतरावर भोके पाडून आम्ही तारेने टाचले. कर्ण दोन्हीकडून मापून होडी तिरकी झाली नाही याची खात्री केली. मग गरम हवेच्या बंदुकीने कडा जागोजाग चिकटवून तारा काढून टाकल्या. सांध्याच्या कडा तासून तेथे खाच करावी लागते. या खाचेत त्याच पदार्थाची बारीक कांडी दाबून, कांडी व खाच दोहोंवर सुमारे ३०० अंशांची हवा सोडीत पुढे सरकावयाचे. मिनिटास वीतभर हा वेग नवशिक्यास पुरे. कांडीच्या दोन्ही कडांना वितळलेल्या पदार्थाची बारीक साय उठली तर उष्णता बरोबर. धूर आला तर अधिक. साय दिसलीच नाही तर कमी. एक नियम कधीही विसरू नये. हवेने पत्र्याचा वरचा थर बिघडलेला असतो. तो त्याच दिवशी खरवडून काढल्याशिवाय कांडी लावू नये. बोटांचा तेलकटपणासुद्धा सांधा नासवितो.

कामाचा क्रमही आधी ठरवावा लागतो. पेटीच्या आतील सांधे झाकण बसण्यापूर्वीच दोन्ही बाजूंनी करावे. झाकणाचा शेवटचा सांधा बाहेरूनच करता येतो, म्हणून तो सर्वांत दुबळा. तो नेहमी वरच्या अंगास, पाण्याच्या रेषेपासून दूर ठेवावा. एका बाजूची सगळी शिवण एकदम केली तर निवताना ती आकसून पत्रा ओढते. यासाठी डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे असे करावे. काम उघड्या पडवीत करावे, लहान मुलांस दूर ठेवावे, आणि पी.व्ही.सी.चा तुकडा या बंदुकीखाली कधीही धरू नये. त्यातून अम्लाची विषारी वाफ निघते. ओळख सोपी आहे: पी.व्ही.सी. पाण्यात बुडते, आपला पत्रा तरंगतो.

जे फसले ते

वैशाखाच्या आरंभी होडी उभी राहिली. पेट्यांत पाणी भरून रात्रभर ठेविले. सकाळी बाहेरून हात फिरविला तर कोठे ओल नाही. मुलांचा आनंद काय सांगावा! शिडाचे कापड आले होते, नारळ आणून ठेविला होता, आणि दुसऱ्याच दिवशी होडी पाण्यात घालावी असा एकमुखी ठराव झाला.

त्या वेळी आमच्या थोरल्या काकू पडवीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी होडीकडे निरखून पाहिले आणि विचारले, “पाणी गळत नाही हे पाहिलंत. ओढून पाहिलंत का?” कोणी काही बोलेना. तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, लाखेनं बुजवलेली घागरसुद्धा पाणी धरते. पण काठाला धरून उचलली म्हणजे कळतं.” इतके बोलून त्यांनी स्वयंपाकघरातील सांडशी मागविली, आणि एका शिवणीच्या कांडीचे सुटे टोक चिमटीत धरून पुतण्याच्या हाती दिले. त्याने ओढले. कांडी हातभर सुटून आली. चकलीचा वेढा ताटावरून उचलावा इतकी अलगद आली. खालची खाच गुळगुळीत, जणू तिला कोणी शिवलेच नव्हते!

कारण शोधावयास दोन दिवस लागले. पत्रा पॉलिएथिलीनचा होता. कांडी मात्र पॉलिप्रॉपिलीनची निघाली. दोन्ही काळ्या, दोन्ही पाण्यावर तरंगणाऱ्या, दोन्ही भावंडांसारख्या दिसणाऱ्या. परंतु त्या एकमेकांत मिसळत नाहीत. तापवून दाबल्या तर केवळ बिलगून बसतात. नखाने ओरखडा काढला असता तर पत्रा मऊ, मेणासारखा, आणि कांडी कडक, हे आमच्या ध्यानी आले असते. विकणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. मागताना आम्हीच नुसती “प्लास्टिकची कांडी” मागितली होती.

त्या रात्री घरात फारसे कोणी बोलले नाही. मुलांपैकी दोघांचा तर असा आग्रह होता की, पाणी गळत नाही ना, मग सुट्टीपुरती चालवावी. खरे सांगावयाचे तर आम्हांसही क्षणभर तो मोह झाला. तीन महिन्यांची मेहनत डोळ्यांपुढे होती. परंतु भरतीच्या वेळी खाडीच्या मध्यावर, दोन मुले एका बाजूस बसलेली असता, पेटीची शिवण सुटली तर काय, याचे उत्तर वर दिलेल्या गणितातच होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या कांड्या उपसून काढल्या. होडी पत्र्यांच्या ढिगात परत गेली, आणि पाठोपाठ पाऊस आला.

दुसरी खेप

पावसाळ्यात पडवीत बसून आम्ही पुन्हा आरंभ केला. या खेपेस कांड्या बाजारातून न आणता त्याच पत्र्याच्या कडेच्या बारीक पट्ट्या कापून घेतल्या, म्हणजे शंकेस जागा उरू नये. त्याचप्रमाणे एक कायदा केला: प्रत्येक दिवशी होडीस हात लावण्यापूर्वी दोन टाकाऊ तुकडे जोडावयाचे, ते रात्रभर निवू द्यावयाचे, मग सांध्यावर आडवी बोटभर रुंद पट्टी कापून ती शेगड्यात धरून दुमडावयाची. पट्टी सांध्याशी उलगडली तर त्या दिवसाचे काम रद्द. हे मोडून पाहण्याचे काम मुलांनी आपण होऊन पत्करिले, आणि ते इतके निर्दयपणे केले की आमचे पहिले आठ दिवस निव्वळ तुकडे मोडण्यात गेले. त्यानंतर पट्टी वाकू लागली, ताणू लागली, पण सांध्याशी सुटेना. त्या दिवशी काकूंनी स्वतः पट्टी दुमडून पाहिली आणि मानेनेच होकार दिला.

डोलकाठीसाठी भरीव वेळू घेतला. त्याचे बूड बसावयास नळयोजनेतील काळ्या नळाचा टाकून दिलेला तुकडा तळ आणि आडवे आसन यांच्यामध्ये जोडला. सुकाणू आणि पाण्यात उतरणारी मधली फळी मात्र लाकडाची केली, कारण या दोहोंना लवून चालत नाही. ती फळी ज्या खोक्यातून खाली जाते त्याचे सांधे होडीतील सर्वांत कष्टाचे. तेथे शिवण दोनदा केली. जेथे बोल्ट आले तेथे रुंद धातूच्या चकत्या घातल्या, आणि ते दर महिन्यास पिळून पाहण्याचा नेम ठेविला, कारण दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबते. शीड साडेतीन चौरस मीटरांच्या आतच ठेविले. प्रत्येक कप्प्यास फिरकीचे झाकण बसविले आणि किनाऱ्यावर ते उघडे ठेवावयाचे ठरविले. बंद कप्प्यातील हवा उन्हात ३० अंशांनी तापली तर तिचा दाब सुमारे एक दशांशाने वाढू पाहतो. हा एक दशांश ऐकावयास थोडा वाटतो, पण तो चौरस मीटरला एक टनाचा भार होतो! रोज फुगून आणि रोज बसून उत्तम शिवणसुद्धा थकेल. काळी होडी उन्हात बसवेनाशी तापते, यासाठीही तीस सावलीतच ठेवावी.

कापताना व तासताना पडलेला सगळा कीस मुलांनी झाडून पोत्यात भरला. जो पदार्थ कुजत नाही तो खाडीत गेल्यास तेथेच राहणार, हे विसरता कामा नये. याच न कुजणाऱ्या कचऱ्यापासून केनियातील लामू येथे परंपरागत कारागिरांनी ‘फ्लिपफ्लॉपी’ नावाची ९ मीटरांची शिडाची नौका बांधिली, आणि २०१९ साली ती लामूहून झांझिबारपर्यंत समुद्रातून गेली. आमची होडी तिच्यापुढे खेळणेच म्हणावयाचे. परंतु एकाच पदार्थाची असल्यामुळे तिचेही आयुष्य संपल्यावर तुकडे करून पुन्हा वितळविता येईल.

कार्तिकात ओहोटीची वेळ पाहून, गुडघाभर पाण्यात, आम्ही प्रथम होडी मुद्दाम पाण्याने काठोकाठ भरली आणि तीत तिघा मोठ्या माणसांना बसविले. ती काठापर्यंत खाली गेली आणि तेथेच थांबली. एक कप्पा उघडून पाण्याने भरला, तरी थांबली. मग पाणी उपसून, तरंगते जाकीट घातलेल्या दोन मुलांना थोरल्या पुतण्याबरोबर शीड उभारू दिले. वारा बेताचा होता. होडी एका अंगास कलली, सांधे किंचित कुरकुरले, आणि ती पैलतीराकडे निघाली.

काकू धक्क्यावर उभ्या होत्या. होडी परत येईपर्यंत त्या बसल्या नाहीत, आणि आल्यावर प्रथम त्यांनी पेट्यांची झाकणे उघडून आत हात घातला. आत कोरडे होते. आजही होडी किनाऱ्यास लागली की मुले आधी झाकणे उघडतात आणि मग चहाला येतात. ज्या वाचकांस हे काम करावेसे वाटेल त्यांनी पत्रा, बंदूक, वेळू या सामानाच्या यादीत एक सांडशीही अवश्य लिहून ठेवावी.